वाडा रिकामा करायचाय, सायकलींचं काय?

वाचकांचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातले एक वाचक. वय ६६, साखर कारखान्यातून निवृत्त. गेली तीसेक वर्षं जुन्या सायकली जमवतात. वाड्याच्या सोप्यात आणि परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मिळून आज ३१ सायकली आहेत. बहुतेक इंग्लिश: रॅले, हंबर, रज, बीएसए, फिलिप्स आणि एक सनबीम, जिच्यावर ते ‘कुणाला बसूही देत नाहीत’. सात-आठ देशी आहेत, त्या ‘भरतीच्या’. आठ सायकली त्यांनी मोटारींच्या पेंटरकडून फवारून ‘नव्यासारख्या’ करून घेतल्यात. आता भावाभावांत वाटणी झालीय, वाडा पडणार, दिवाळीपर्यंत जागा मोकळी करायचीय. मुंबईचा एक दलाल सगळ्यांचे मिळून अडीच लाख देतो म्हणतो, वर ‘मार्केट पडतंय, परत एवढे मिळणार नाहीत’ असंही ऐकवतो. इंटरनेटवर मात्र एकेक सायकल पन्नास-साठ हजारांना लावलेली दिसते. मुलगा पुण्यात आयटीत आहे. दर रविवारी कार्बन फ्रेमच्या सायकलवर खडकवासला-सिंहगड करतो, पण ‘माझ्या सायकलींत त्याला काडीचा रस नाही’. एखाद्या संग्रहालयाला द्याव्यात असंही मनात येतं. विकू की ठेवू? या छंदाला पुढे काही भवितव्य आहे का? आणि शेवटची ओळ: ‘तीस वर्षं भंगार गोळा केलं असं बायको म्हणते, ते खरंच होतं का?’

---

नमस्कार,

शेवटच्या ओळीतला वाद मी सोडवायला घेत नाही. एकतीस सायकलींच्या चाकांमधून तीस वर्षं केर काढणाऱ्या बाईंना त्याबद्दल मत असण्याचा पूर्ण अधिकार आहे. बाकीच्या प्रश्नांकडे येऊ.

पत्रभर तुम्ही ‘सायकली’ म्हणता, आणि ‘विकू की ठेवू’ हा प्रश्न एकतिसांना एकदम विचारता. दलालाला नेमकं तेच हवंय. अडीच लाख भागिले एकतीस म्हणजे सायकलीमागे सरासरी आठ हजार. ऐकायला बरं वाटतं. पण त्यानं सोप्यातून चक्कर मारली तेव्हा त्याची नजर एकतीस सायकलींवर फिरली नसणार. ती सनबीमवर थांबली असेल, हंबरवर थांबली असेल, आणि मग सीट, दिवे, हब (चाकाचा मधला तुंबा) यांच्यावरून गेली असेल. या धंद्यात पाच-सहा चांगल्या सायकली अख्ख्या विकल्या जातात आणि उरलेल्या सुट्या होतात. ब्रूक्सची चामडी सीट एका गिऱ्हाइकाला, लुकासचा दिवा दुसऱ्याला, स्टर्मी-आर्चरचा गिअरचा हब तिसऱ्याला. राहिलेला सांगाडा पिवळा नाहीतर गुलाबी रंगवून एखाद्या रिसॉर्टच्या दारात कुंड्या ठेवायला जातो. (कॅफेच्या भिंतीवर ब्रेकच्या सळ्या वाकवून टांगलेली सायकल दिसली की मला कॉफी कडू लागते, पण ते माझं झालं.)

इंटरनेटवरचा पन्नास-साठ हजारांचा आकडाही तितकाच फसवा आहे. ती मागितलेली किंमत, झालेला सौदा नव्हे. जाहिरात कधी टाकलीय ते बघा. वर्ष-वर्ष तीच सायकल त्याच फोटोसह त्याच भावाला लटकलेली असते. तुमचा खरा भाव या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि प्रत्येक सायकलीचा वेगळा आहे.

आता ‘मार्केट पडतंय’ या वाक्याकडे. दलाल अर्धं खरं बोलतोय. जुन्या सायकली कोण घेतं? लहानपणी जी सायकल शेजारच्या घरी होती, आपल्याला हवी होती आणि मिळाली नाही, ती माणूस पन्नाशीत खिशात पैसे आल्यावर शोधतो. जगभर हेच चालतं. अमेरिकेत श्विन कंपनीनं १९६३ मध्ये उंच हँडलची आणि लांब सीटची ‘स्टिंग-रे’ काढली. त्या वेळची पोरं मोठी झाली तेव्हा तीच सायकल संग्राहकांची लाडकी झाली. त्यांच्या पाठची पिढी आता ऐंशीच्या दशकातल्या बीएमएक्स, म्हणजे उड्या-कसरतींच्या छोट्या सायकली, शोधत फिरते. ब्रिटनमध्ये १९७० साली आलेली रॅले चॉपर कंपनीनं २०२३ मध्ये पुन्हा बनवली, ९५० पौंडांना. हातोहात संपली. ती काही दहा वर्षांच्या मुलांनी घेतली नाही.

याची दुसरी बाजू अशी, की आवडीची पिढी म्हातारी झाली की तिचे संग्रह साधारण एकाच सुमारास बाजारात येतात, आणि त्याच पिढीत घेणारे उरलेले नसतात. मग सर्वसाधारण मॉडेलांचा भाव ढिला पडतो. दुर्मीळ आणि मूळ अवस्थेत राहिलेल्या सायकली तेवढ्या टिकून राहतात.

तुमच्या बाबतीत बघा. तुम्हाला १९४०च्या आसपासची इंग्लिश सायकल का हवीशी वाटली? लहानपणी हेडमास्तर, डॉक्टर, मामलेदार कचेरीतले रावसाहेब यांना तुम्ही त्यांवर बघितलं होतं म्हणून. आज पंचेचाळिशीचा जो गडी पैसे घेऊन उभा आहे त्यानं ते मास्तर पाहिलेलेच नाहीत. त्यानं पाहिली बीएसए एसएलआर, हीरो रेंजर, हर्क्युलस एमटीबी. त्याच्या बहिणीनं लेडीबर्ड. तो तुमच्या शेडमध्ये आला तर कदाचित रॅलेवरून पुढे सरकेल आणि कोपऱ्यातल्या ‘भरतीच्या’ सायकलीपाशी थबकेल.

त्या सात-आठ देशी सायकलींबद्दल तुम्ही पत्रात एक ओळसुद्धा नीट लिहिलेली नाही. मला त्यांच्याबद्दलच जास्त विचारायचंय. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि इंग्लिश कंपन्यांना इथं कारखाने काढणं भाग पडलं. आसनसोलला सेन-रॅले उभी राहिली. मद्रासजवळ अंबत्तूरला मुरुगप्पा समूह आणि इंग्लंडची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांनी १९४९ साली टीआय सायकल्स काढली. वरळीला हिंद सायकल्स होतीच. १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्यात हीरो. तेव्हा तुमच्याकडची एखादी ‘इंग्लिश’ रॅले किंवा हंबर आसनसोलची आणि ‘इंग्लिश’ बीएसए किंवा फिलिप्स अंबत्तूरची निघण्याची बरीच शक्यता आहे. पुढचा बिल्ला, सीटखालच्या नळीवरचं ट्रान्स्फर (चिकटवलेलं छापील चिन्ह), हबवरचे शिक्के भिंगानं बघा. ‘मेड इन इंग्लंड’ आहे की ‘मेड इन इंडिया’? बिल्ल्यावर एकट्यावर विसंबू नका, नवे पितळी बिल्ले हवे तेवढे विकत मिळतात.

देशी निघाली तर हिरमुसू नका. सेन-रॅलेचा कारखाना पुढे सरकारकडे गेला आणि बंद पडला. अ‍ॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याला टाळं लागलं ते २०२० साली ३ जूनला, जागतिक सायकल दिनीच. या सायकली आता पुन्हा होणार नाहीत, आणि त्यांचा इतिहास सांगणारा माणूस रॅलेच्या गावी, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅममध्ये नाही, इथेच आहे. इंग्लंडमध्ये रॅले शोधणारे ढीगभर आहेत आणि त्यांच्यापाशी रॅलेही ढीगभर आहेत. मूळ रंगातली, मूळ चेनकव्हरसकट राहिलेली हिंद सायकल किती जणांकडे असेल? जो तो ‘देशीच तर आहे’ म्हणून भंगारात घालत गेला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रात या छंदाला काही वजन आलंच, तर ते या सायकलींमुळे येईल असं मला वाटतं. अंदाजच आहे, पण पैज लावायची तर मी यावर लावीन.

आणि एक. ‘रज’ आणि ‘रॅले’ या तुमच्या यादीत दोन वेगळ्या मानाच्या सायकली आहेत. पण रॅलेनं हंबरचा सायकलींचा व्यवसाय १९३२ मध्ये, रज-व्हिटवर्थ १९४३ मध्ये आणि बीएसएच्या सायकली १९५७ मध्ये विकत घेतल्या. त्यानंतरची रज म्हणजे चेनच्या चक्रात पंजा कोरलेली नॉटिंगहॅमची रॅलेच. म्हणून नुसत्या नावावर किंमत करू नका, साल शोधा. गिअरवाल्या हबवर स्टर्मी-आर्चर कंपनी आकडे ठोकायची. तिच्या तीन गिअरच्या ‘एडब्ल्यू’ हबवर ५४ आणि ७ दिसले तर तो हब १९५४च्या जुलैचा. मात्र चाक नंतर बदललेलं असू शकतं, तेव्हा हबच्या सालाला फ्रेमचं साल समजू नका. सनबीमचंही तसंच. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टनच्या काळातली, तेलाच्या बंद पेटीत चेन फिरणारी सनबीम ही एक चीज, आणि १९४३ मध्ये ते नाव बीएसएकडे गेल्यानंतरची सनबीम ही दुसरी. तुमची कुठली? पत्रात साल नाही, म्हणून विचारतोय.

आता जरा अवघड विषय. त्या आठ सायकली.

तुम्ही प्रेमानं केलंत, पैसे घालून केलंत हे दिसतंय. पण यापुढे एकाही सायकलीला रंगाचा फवारा लावू नका. मूळ काळा रंग भट्टीत भाजलेला इनॅमल असायचा, जाड आणि खोल. मडगार्डवरच्या सोनेरी रेघा कारागीर हातानं, ब्रशनं ओढायचे. नीट बघितलंत तर रेघ जिथे सुरू होते तिथे जराशी जाड आणि संपते तिथे निमुळती दिसते. मोटारीच्या रंगाखाली हे सगळं गेलं की परत येत नाही. निकेलचं क्रोम करून घेणं हीदेखील तशीच गोष्ट. क्रोमचा मुलामा सर्रास व्हायला लागला तो १९३०च्या सुमारास. त्याआधीच्या सायकलीचं हँडल आरशासारखं चमकत असेल तर जाणकार गिऱ्हाईक तिथेच हात मागे घेतं. पिवळसर झाक असलेलं, जागोजाग उडालेलं निकेल त्याला चालतं. तीन दशकांपूर्वी ‘चकाचक’ला भाव होता हे खरं. तेव्हा तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही, घेणाऱ्याची नजर बदलली. आता लोक ‘हात लावलेली आहे का?’ हे आधी विचारतात.

ज्या अजून मूळ रंगात आहेत त्या कोरड्या सुती फडक्यानं पुसा. चिकट मेण झालेलं ग्रीस थोड्या केरोसिननं काढा, गंजावर पातळ तेलाचा हात फिरवा, बस. काचकागद नको, तारेचा ब्रश नको. रंगवलेल्या आठांपैकी एखादी उलटी करून तळाशी, जिथे पायडलांचा आस फिरतो त्या गाळ्याखाली बघा. पेंटर तिथे सहसा पोचत नाहीत. मूळ रंग शिल्लक असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, आणि विकताना ‘रंग नवा आहे’ हे स्वतःहून सांगा.

मुलाकडे येतो. तुम्ही लिहिता की त्याला रस नाही. पण जो माणूस रविवारी पहाटे उठून सिंहगडाचा घाट पायांनी चढतो त्याला सायकलीत रस नाही असं कसं म्हणता येईल? त्याला न चालणाऱ्या सायकलीत रस नसेल. तुमच्या घरातली सगळ्यात भारी सायकल अशी आहे, की तिच्यावर बसायचंच नाही. लहानपणी त्याला त्या सोप्यात ‘हात लावू नको’ हेच जास्त ऐकायला मिळालं असेल, तर आज त्यानं हात लावावा ही अपेक्षा तुम्हीच एकदा तपासून बघा.

इटलीत टस्कनीमधल्या एका गावात १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची फेरी निघते. १९८७ च्या आधीच्याच रेसिंग सायकली, कच्चे पांढरे रस्ते, जुन्या धाटणीचे कपडे. २००९ मध्ये लंडनला ‘ट्वीड रन’ सुरू झाली, तिथे रॅले-हंबरसारख्या सायकली कोट-टोपी घालून चालवतात. तळघरात पडलेल्या सायकलींना युरोपात नवे मालक मिळाले ते अशा निमित्तांनी. पंचवीस-तीस वर्षांची मंडळी तिथे येतात ती चालवायला. संग्राहक त्यांतले काही नंतर होतात.

आणि चालवायच्या बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा सुखी आहोत. २८ इंची दीड मापाचा टायर तिकडे शोधावा लागतो, तुमच्या तालुक्याच्या बाजारात तो टांगलेला असतो, कारण आपली साधी काळी सायकल अजून त्याच मापावर चालते. पातळ ओठाच्या जुन्या रिमवर तो चढवून देणारा आणि चाकाचा आऊट काढून देणारा म्हातारा मिस्त्रीही अजून सापडतो. किती दिवस सापडेल ते सांगता येत नाही, म्हणून ओव्हरहॉलिंगची कामं या वर्षीच उरकून घ्या.

तर मुलाला ‘संग्रह सांभाळ’ असं सांगू नका. तीन गिअरची एक सायकल निवडा, मिस्त्रीकडून तयार करून घ्या आणि त्याला म्हणा, पुढच्या वेळी येशील तेव्हा कृष्णेपर्यंत चालवून सांग कशी वाटते. १९३६ साली आलेला तो एडब्ल्यू हब वरच्या गिअरला एक तृतीयांश वेग वाढवतो, खालच्याला पाव भाग कमी करतो. कार्बनवाल्याला हे गणित तुमच्यापेक्षा लवकर कळेल आणि तो हब उघडून बघायला मागेल. मागितलं तर उघडू द्या. एकच ताकीद: सळीचे ब्रेक आणि लोखंडी रिम ओली झाली की धरत नाहीत, म्हणून घाटात नको, पावसात नको.

एवढं करूनही त्याला नाही आवडली तर विषय सोडा. मुलानं बापाचा छंद चालवायलाच हवा असं काही नाही. आवडली तरी तो एक ठेवेल, फार तर दोन. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्याच्या स्वतःच्या सायकलीला पार्किंगमध्ये जागा मिळत असेल की नाही कोण जाणे.

संग्रहालयाचा विचार चांगला आहे, पण ‘देऊन टाकतो’ म्हटलं की कुणी टेम्पो पाठवेल अशा समजुतीत राहू नका. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, २०१७ पासून. गेला नसाल तर आधी जाऊन या. युद्धकाळातली छत्रीधारी सैनिकांची घडीची बीएसए तिथे बघायला मिळते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका माणसाच्या वेडातून उभ्या राहिलेल्या जागेत काय काय सांभाळावं लागतं ते कळेल. कुठल्याही संग्रहालयाकडे आधीच रॅले असतात. त्यांना चौथी रॅले नको असते. त्यांना जे नाही ते, आणि ज्याची हकीकत आहे ते हवं असतं. म्हणून एक-दोन सायकलींचे फोटो आणि माहिती आधी पाठवा, होकार आला तरच पुढचं बोला. काय दिलं आणि कोणत्या अटीवर दिलं हे लेखी ठेवा. तुमच्या कारखान्यालाही विचारून बघा. कामगार एके काळी शिफ्टला कशावर येत होते हे दाखवणारी एक देशी सायकल कचेरीच्या पडवीत शोभेल.

हे जे काही करायचं ते हयातीत करायचं. दिनकर केळकरांनी आपला संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारकडे सोपवला तेव्हा ते स्वतः सगळं समजावून सांगायला होते. तिकडे श्विन कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचा स्वतःचा सायकलींचा संग्रह वाचला, कारण १९९७ मध्ये एक घेणारा भेटला आणि तो शिकागोहून ओहायोतल्या न्यू ब्रेमेन या छोट्या गावी गेला. जागा असलेला माणूस वेळेवर भेटला म्हणून. नाहीतर एवढी मोठी कंपनी असून तिच्या सायकली कुठे गेल्या असत्या कुणास ठाऊक.

आता दिवाळीपर्यंत प्रत्यक्षात काय करायचं.

एक दोनशेपानी वही आणा, प्रत्येक सायकलीला दोन पानं. फ्रेमचा नंबर आणि तो कुठे आहे, कोणते भाग मूळचे, कोणते बदललेले, कुणाकडून घेतली, केव्हा, कितीला. जुन्या नगरपालिकेच्या सायकल कराचा बिल्ला अजून अडकलेला असेल तर तो काढू नका, त्यावरचं गाव आणि साल लिहून घ्या. पूर्वीच्या मालकाचं नाव, धंदा आणि जे काही ऐकलंय ते सगळं लिहा. आज ते फक्त तुमच्या डोक्यात आहे आणि तिथून ते विकता येत नाही. नुसती हंबर म्हणजे बाजारातली एक हंबर. अमुक गावचे डॉक्टर पंधरा वर्षं रात्रीच्या व्हिजिटला जिच्यावर जात होते ती हंबर, सोबत त्यांच्या घरच्यांनी दिलेला फोटो, तिला वेगळं गिऱ्हाईक मिळतं. त्या घरांत अजून कुणी असेल तर आधी त्यांनाच विचारा. आजोबांची सायकल परत मिळतेय म्हटल्यावर घासाघीस न करणारी नातवंडं असतात.

वही झाली की निवड आपोआप होईल. चालवण्याजोग्या आणि मनात बसलेल्या चार-पाच ठेवा. चार-पाच सायकली कुठल्याही घरात मावतात. हकीकत असलेल्या द्यायच्या तिथे द्या. बाकीच्या विका, पण दिवाळीच्या मुहूर्तावर नको. घाईतल्या विक्रेत्याचा वास दलालांना लांबून येतो. गावात एखादा गाळा किंवा कुणाच्या गोदामाचा कोपरा सहा-आठ महिने भाड्यानं घ्या. एका बऱ्या सायकलीच्या किमतीत ते भाडं सुटेल. ठेवताना चाकं जमिनीपासून उचललेली, टायरमध्ये थोडी हवा, वर जुनी सुती चादर. प्लास्टिक टाकलंत तर आत पाणी सुटून गंज धरेल. हलवताना क्रँक (पायडलाचा दांडा) काढायची वेळ आली तर कॉटर पिनवर, म्हणजे तो दांडा आसाला धरून ठेवणाऱ्या खिळीवर, सरळ हातोडा घालू देऊ नका. पिन वाकते, मग ती कापावी लागते.

विकताना फोटो उजव्या बाजूनं, चेन दिसेल असा. मग बिल्ला, नंबर, हब, सीट खालून, आणि जे मोडलंय ते ठळक. ऑनलाइन गिऱ्हाईक ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणालं की फोन ठेवा. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन. परदेशातून मागणी आली तर सनबीमच्या सालाकडे पुन्हा बघा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू पुरावशेषात मोडू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२०च्या आसपासच्या सायकली आता तो उंबरठा ओलांडून गेल्यात. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला घ्यावा लागतो. आलेले पैसे कराच्या हिशेबात कुठे बसतात हे तुमच्या सीएला विचारा. तीस वर्षांच्या पावत्या नसतील, निदान वहीतल्या नोंदी कामी येतील.

हे वाचणाऱ्यांत असेही असतील ज्यांच्या घरी वडिलांची किंवा नवऱ्याची एखादीच सायकल जिन्याखाली उभी आहे आणि दारावर आलेला भंगारवाला पाचशे रुपये म्हणतोय. त्यांनी एवढंच करावं: सीटवर, हबवर, दिव्यावर काही नाव आहे का ते पुसून बघावं, फोटो काढावा आणि आठवडाभर थांबावं. आणि जे तरुण ‘गुंतवणूक’ म्हणून जुन्या सायकली घ्यायला निघालेत त्यांनी ते पैसे सरळ बँकेत ठेवावेत. चालवण्याची किंवा खोलून बघण्याची हौस असेल तरच या भानगडीत पडावं. मग भाव पडला तरी त्रास होत नाही.

राहिला दलाल. त्याला तोंडावर नाही म्हणू नका. यादीची एक झेरॉक्स द्या आणि सांगा, प्रत्येकीपुढे तुमचा भाव लिहून द्या. बहुतेक तो ‘असं नसतं, लॉटमध्येच घ्यावं लागतं’ म्हणेल. म्हणू दे. लिहून दिलंच, तर कुठल्या दोन-तीन सायकलींपुढे पेन अडखळतं ते बघा. त्या त्याला विकायच्या नाहीत. उरलेल्यांतल्या दहाएक तोच घेऊन गेला तर खुशाल जाऊ द्या, योग्य भाव आला तर त्यात वाईट काही नाही.

वहीतलं सनबीमचं पान भरलंत की त्याचा फोटो मला जरूर पाठवा, तेलपेटीच्या झाकणासकट.